थंडीच्या वीकेंडला थर्मल स्पा हॉटेल घेताय? आधी पाणी बघा, मग रूम

डिसेंबर-जानेवारीत इकडे जर्मनीत साडेचार वाजताच अंधार पडतो, आठवडाभर ऑफिस-घर-ऑफिस करून अंगात थंडी पार मुरलेली असते, आणि अशात बाहेर बर्फ भुरभुरतोय नि आपण गळ्यापर्यंत छत्तीस डिग्रीच्या पाण्यात बसलोय, वर वाफ नुसती तरंगतेय, यासारखं सुख मला तरी दुसरं माहीत नाही. म्युनिक-स्टुटगार्ट-फ्रँकफर्टकडची आपली मंडळी दर हिवाळ्यात विचारतात की भारतातून आई-बाबा आलेत, दोन दिवस कुठेतरी गरम पाण्याच्या ठिकाणी न्यायचंय, कुठलं हॉटेल घेऊ. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगते, म्हणून आज सगळं एकदा नीट लिहूनच काढते.

आधी माझं पहिलं बुकिंग कसं फसलं ते ऐका, म्हणजे पुढचं सगळं का सांगतेय ते कळेल. हॉटेलच्या नावातच स्पा होतं, फोटोत निळंशार पाणी, मेणबत्त्या, पांढरे टॉवेल, रेटिंगही चांगलं. आईला घेऊन गेले. तळघरात एक छोटा पूल होता, साधं नळाचं पाणी तापवलेलं, क्लोरिनचा वास, आणि जेमतेम अठ्ठावीस-एकोणतीस डिग्री. आई दहा मिनिटांत काकडत बाहेर आली. खरं गरम पाण्याचं थेर्मे, म्हणजे तिकीट काढून सगळ्यांना जाता येतं असं मोठं स्नानगृह, होतं गावाच्या दुसऱ्या टोकाला, उतारावरून पंधरा मिनिटं चालत, रस्त्यावर न दिसणारा निसरडा बर्फ, उणे सहा तापमान, आणि परत येताना आईचे केस ओले. टोपीखालून बाहेर आलेल्या बटा कडक झाल्या होत्या, हात लावला की काडीसारख्या लागत होत्या. तेव्हापासून मी रूमचे फोटो सगळ्यात शेवटी बघते. आधी दोनच गोष्टी बघते, पाणी कुठलं आहे आणि खोलीपासून त्या पाण्यापर्यंत जायचं कसं.

पहिलं काम: पाणी खरंच जमिनीतलं आहे का ते बघा

स्पा, वेलनेस हे शब्द इथे कुणीही लावू शकतं, एक सौना (घाम काढायची कडक तापवलेली खोली) आणि मसाजची खोली असली की झालं वेलनेस हॉटेल. थर्मल या शब्दाला मात्र अर्थ आहे. जमिनीतून निघतानाच पाणी वीस डिग्रीच्या वर असेल तरच जर्मनीत त्याला थर्मालवासर म्हणतात. म्हणून वेबसाइटवर हॉटेलचा पूल बघताना थर्मालवासर असा स्पष्ट शब्द शोधा, नुसतं गरम पूल किंवा पॅनोरमा पूल असं लिहिलं असेल तर ते बहुतेक तापवलेलं साधं पाणी. ते वाईट असतं असं नाही, पण त्यासाठी दोनशे किलोमीटर कशाला जायचं?

दुसरी खूण म्हणजे गावाचं नाव. बाड फ्यूसिंग, बाड बिर्नबाख, बाड आइबलिंग, बाड विल्डबाड, या नावांपुढचं बाड गावकऱ्यांनी आपल्या मनाने लावलेलं नसतं, राज्य सरकार रीतसर मान्यता देतं तेव्हा ते लागतं. पण एक लक्षात ठेवा, बाड असलं म्हणजे गरम पाणीच असेल असं नाही. बाड व्योरिसहोफेन हे सेबास्टियान क्नाइप या धर्मगुरूंच्या थंड पाण्याच्या उपचारांमुळे मोठं झालं (तिथे आता मोठं थेर्मेही आहे), आणि बाड राइखेनहाल मिठाच्या पाण्यासाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे नाव बघायचं आणि मग तिथलं पाणी कुठलं हेही वाचायचं.

तिसरं तापमान. पोहायचं असेल तर अठ्ठावीस-तीस ठीक, पण नुसतं बसून राहायचं असेल तर चौतीस ते सदतीसमधलंच पाणी हवं. हा फरक आकड्यात छोटा दिसतो पण अंगाला लगेच कळतो, तीस डिग्रीत हालचाल थांबवली की थंडी वाजायला लागते आणि छत्तीसमध्ये डोळे मिटतात. प्रत्येक थेर्मेच्या पानावर पूलनिहाय तापमान दिलेलं असतं, बाहेरच्या पूलचं मुद्दाम बघा.

दुसरं काम, आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं: खोलीपासून पाण्यापर्यंतचा रस्ता

जर्मनमध्ये एक सुंदर शब्द आहे, बाडेमान्टेलगांग. बाडेमान्टेल म्हणजे टॉवेलच्या कापडाचा तो जाडजूड झगा, आणि गांग म्हणजे कॉरिडॉर. हॉटेलमधून थेट थेर्मेत जाणारा बंद, ऊबदार रस्ता, कधी जमिनीखालून तर कधी काचेच्या पुलासारखा वरून. खोलीत झगा घातला, पायात सपाता सरकवल्या, लिफ्टने खाली आणि कॉरिडॉरने सरळ पाण्यात. बूट नाही, जॅकेट नाही, कपडे बदलायची खोली नाही, लॉकर नाही. सकाळी नाश्त्याआधी एकदा, दुपारी झोप काढून एकदा, रात्री जेवणाआधी एकदा असं तीन वेळा जाता येतं, आणि खरी मजा त्या थोडं-थोडं जाण्यातच आहे. हा रस्ता नसला की माणूस दिवसातून एकदाच जातो आणि पैसे वसूल करायला चार तास पाण्यात बसतो, मग संध्याकाळी डोकं धरून बसतो.

बवेरियाच्या पूर्व टोकाला, पासाउजवळ, बाड फ्यूसिंग, बाड ग्रीसबाख आणि बाड बिर्नबाख अशी तीन गावं आहेत, त्यांना मिळून बेडरड्राइएक म्हणतात, स्नानाचा त्रिकोण म्हणा. तिथे असा कॉरिडॉर असलेली हॉटेलं बरीच आहेत. बुकिंग साइटवर हा फिल्टर सहसा सापडत नाही, म्हणून मी गावाच्या टुरिस्ट ऑफिसच्या साइटवर जाऊन हा शब्द टाकून शोधते, मग हॉटेल ठरवते, मग भाव तुलना करते. आणि "थेर्मेजवळ" या शब्दावर विश्वास ठेवू नका, नकाशावर स्वतः अंतर मोजा, चढ-उतार बघा. म्हातारी माणसं असतील तर चारशे मीटरसुद्धा बर्फात लांब असतात.

याच रस्त्याचा शेवटचा तुकडा लोक विसरतात. आतल्या पूलमधून बाहेरच्या पूलमध्ये पाण्यातूनच जाता येतं का? चांगल्या ठिकाणी भिंतीत एक वाट असते, वरून प्लास्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा लोंबत असतो, गळ्यापर्यंत पाण्यात राहूनच पडदा बाजूला सारायचा आणि बाहेर. आई पहिल्यांदा त्या पडद्यातून बाहेर गेली तेव्हा एक क्षण थबकली, अंग पूर्ण गरम आणि चेहऱ्यावर बर्फाचे कण, मागे वळून म्हणाली अगं बाबांना हाक मार, त्यांनाही बघू दे. ही वाट नसेल तर ओल्या अंगाने दार उघडून दहा पावलं उणे तापमानात चालावं लागतं, आणि मग आई-बाबा बाहेर जातच नाहीत.

तिसरं: कोण जातंय त्यावरून गाव ठरवा

आई-बाबा असतील तर माझं उत्तर ठरलेलं, बेडरड्राइएक. बाड फ्यूसिंगचं पाणी 1938 मध्ये तेल शोधायला खोदताना लागलं, तेल नाहीच मिळालं आणि 56 डिग्रीचं गंधकाचं पाणी वर आलं. आता तिथे तीन मोठी थेर्मे आहेत, थेर्मे आइन्स, ओयरोपा थेर्मे आणि योहानेसबाड. गाव सपाट आहे, लोक बहुतेक साठीच्या पुढचे, सगळं हळू चालतं. माझ्या आईचं माहेर संगमेश्वरकडचं, पूलजवळ गेल्या गेल्या तिने नाक वर केलं आणि म्हणाली हा तर आपल्या तुरळच्या कुंडाचा वास. गंधक ते गंधकच, कोकणातलं काय आणि बवेरियातलं काय. तिची सगळी भीती त्या एका वासाने गेली, नाहीतर ती आधी म्हणत होती तुम्ही जा, मी काठावर बसते.

फक्त बाड फ्यूसिंगला स्टेशन नाही, पॉकिंग किंवा पासाउहून बस घ्यावी लागते. गाडी नसेल तर बाड बिर्नबाख बघा, स्टेशन गावापासून थोडं लांब आहे पण ट्रेन जाते. 2017 मध्ये जर्मनीतली पहिली विनाड्रायव्हर बस सार्वजनिक रस्त्यावर इथेच सुरू झाली होती, बाबांना हे ऐकून थेर्मेपेक्षा जास्त आनंद झाला.

लहान मुलं असतील तर म्युनिकजवळचं एर्डिंग. घसरगुंड्या, लाटांचा पूल, आणि पूलला लागूनच जहाजासारखं बांधलेलं हॉटेल. मुलं वेडी होतात. पण तिथे शांतता मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, वीकेंडला तर अजिबात नाही. आणि उलटही खरं, त्रिकोणातल्या बऱ्याच हॉटेलांत मुलांना वयाची अट असते, थेर्मेतही असते, म्हणून मुलाचं वय लिहून आधी विचारायचं. तसंही सदतीस डिग्रीच्या पाण्यात अगदी लहान बाळांना नेऊ नये, त्यांचं अंग चटकन तापतं.

नवरा-बायको दोघंच असाल आणि पाण्याबरोबर जरा देखणं गावही हवं असेल तर बाडेन-बाडेन. युरोपातली 11 जुनी स्नानाची गावं 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली त्यातलं हे एक (जर्मनीतली बाकीची दोन म्हणजे बाड एम्स आणि बाड किसिंगेन). इथलं पाणी 68 डिग्रीपर्यंत गरम निघतं. काराकाला थेर्मेत पोहण्याच्या कपड्यात जायचं असतं आणि 1877 पासूनच्या फ्रीडरिशबाडमध्ये कपड्यांशिवाय, हा फरक तिकीट काढायच्या आधी समजून घ्या. स्टुटगार्टवाल्यांना बाड विल्डबाडही सोपं पडतं, पफोर्ट्सहाइमहून ट्रेन थेट गावात जाते. म्युनिकहून फक्त एका रात्रीसाठी जायचं असेल तर बाड आइबलिंग, घुमटाघुमटांचं थेर्मे आहे, प्रत्येक घुमटाखाली वेगळं पाणी, जवळही आहे.

चौथं: कपड्यांचा प्रश्न, जो सगळे शेवटी हळूच विचारतात

यात लाजण्यासारखं काही नाही आणि हे आधी माहीत नसलं तर अख्खा वीकेंड अवघडून जातो, म्हणून स्पष्ट लिहिते. थेर्मेचे सहसा दोन भाग असतात. पाण्याचा भाग, तिथे सगळे स्विमिंगच्या कपड्यात. आणि सौनाचा भाग, तिथे जर्मन पद्धतीप्रमाणे बायका-पुरुष एकत्र आणि कपड्यांशिवाय, स्विमसूट घालून आत गेलात तर कुणीतरी येऊन काढायला सांगतं. त्या भागाला टेक्स्टिलफ्राय म्हणतात. दोन्ही भागांमध्ये सहसा वेगळं दार असतं, वेगळं तिकीटही असतं, चुकून आत शिराल असं होत नाही. तुम्हाला सौना नको असेल तर फक्त थेर्मेचं तिकीट घ्या.

खरी गडबड हॉटेलच्या स्वतःच्या छोट्या वेलनेसमध्ये होते. तिथे पूल आणि सौना एकाच हॉलमध्ये असू शकतात, आणि पूलवर बसलेल्या बाबांच्या समोरून कुणीतरी तसंच चालत जातं. त्यांची त्यात काही चूक नाही, त्यांच्याकडे ते सहज आहे, पण आपले आई-बाबा मग खोलीतून बाहेर यायला तयार होत नाहीत. म्हणून मेलमध्ये एक ओळ घालायची, तुमच्या पूलच्या भागातून सौना दिसतो का आणि तिथे टेक्स्टिलफ्राय आहे का. काही ठिकाणी फक्त बायकांसाठी वेगळा सौना किंवा ठरावीक वार असतो, तोही विचारा, माझ्या दोन मैत्रिणी तेवढ्यासाठी वार बघून जातात.

कपडे कुठले चालतात? स्विमिंगच्या कापडाचं काहीही. सुती टी-शर्ट, सलवार, घरची लेगिंग चालत नाही, पाणी धरून ठेवतं म्हणून. आईसाठी मी गुडघ्यापर्यंतची स्विमिंग पँट आणि लांब बाह्यांचा स्विमिंग टॉप घेतला, खेळाच्या दुकानात मिळतो, कुणी बघितलंही नाही. पाण्यात उतरायच्या आधी साबण लावून शॉवर घ्यायचा असतो, बायकांचा शॉवर वेगळा असतो पण आत बहुतेक वेळा पडदे नसतात. हॉटेलमधूनच कॉरिडॉरने जाणार असाल तर खोलीतच व्यवस्थित अंघोळ करून जा, आईसाठी हा मोठाच दिलासा होता.

पाचवं: तारीख, भाव, आणि "इन्क्लुडेड"चा खरा अर्थ

ख्रिसमसपासून 6 जानेवारीपर्यंत भाव सगळ्यात वर असतात आणि गर्दीही. माझ्या अनुभवात जानेवारीचा मधला भाग सगळ्यात छान, बर्फही असतो आणि गर्दीही ओसरलेली असते. सुट्टी जुळत असेल तर शुक्रवार-रविवारऐवजी रविवार-मंगळवार करा, तेच हॉटेल बरंच स्वस्त पडतं. आणि थेर्मेच्या साइटवर त्या तारखांना दुरुस्ती-सफाईसाठी बंद नाही ना हे जरूर बघा, त्याला रेविझिओन म्हणतात, वर्षातून काही दिवस पूल बंद असतात आणि हॉटेल मात्र चालू असतं.

भावात थेर्मेची एंट्री आहे असं लिहिलं असेल तर तीन प्रश्न विचारायचे. रोज आहे की एकदाच? दिवसभर की दोन-तीन तास? आणि येण्याच्या-जाण्याच्या दिवशीही आहे का? कारण खोली मिळते दुपारी तीनला आणि सोडायची असते सकाळी अकराच्या आत, पण एंट्री दोन्ही दिवस चालत असेल तर तुम्ही शुक्रवारी सकाळी अकराला येऊन सामान रिसेप्शनवर ठेवून पाण्यात जाऊ शकता आणि रविवारी खोली सोडल्यावरही संध्याकाळपर्यंत बसू शकता. त्याच पैशात जवळजवळ एक दिवस जास्त. हे विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगत नाही. फक्त सवलत मिळते असं लिहिलं असेल तर मात्र तिकिटाचे पैसे वेगळे धरून मगच दुसऱ्या हॉटेलशी तुलना करा.

शिवाय कूरटाक्से, म्हणजे गावाचा कर, माणशी दर रात्रीला काही युरो, तो बहुतेक वेळा हॉटेलवरच वेगळा द्यावा लागतो. त्याबदल्यात गेस्टेकार्टे मिळतं, ते मागून घ्या, त्यावर सवलती असतात, ब्लॅक फॉरेस्टमधल्या बऱ्याच गावांत तर कोनुसच्या खुणेचं कार्ड असलं की तिथल्या बस-लोकल ट्रेन फुकट.

जेवण

अशा हॉटेलांत हाल्बपेन्झिओन, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण, घ्यायची पद्धत आहे. जेवण लवकर असतं, सहा ते आठ, साडेआठला गेलात तर किचन बंद. छोट्या गावात बाहेर पर्याय कमी आणि एखाद्या वारी रेस्टॉरंटच बंद, म्हणून थंडीत मी हाल्बपेन्झिओनच घेते. शाकाहारी असाल तर नुसतं व्हेजिटेरियन लिहून भागत नाही, सूप बिनमांसाचं दिसलं तरी त्याचं पाणी बऱ्याचदा बीफच्या हाडांचं असतं, त्यामुळे मांस, मासे आणि मांसाचा स्टॉकही नको असं लिहून पाठवा. केझेश्पेट्झले म्हणजे चीज घातलेल्या शेवया सगळीकडे मिळतात, बाबांना आवडल्या, आईसाठी मी मेतकूट आणि तूप नेलं होतं, भात त्यांनी करून दिला.

पाण्यात उतरायच्या आधी

ब्लडप्रेशर, हार्टचा त्रास, गरोदरपण, ताजं ऑपरेशन किंवा उघडी जखम यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. बाबांच्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत, आम्ही निघायच्या आधी विचारलं होतं, डॉक्टरांनी वेळ कमी ठेवायला आणि सौना टाळायला सांगितलं. एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरे, मग बाहेर येऊन झग्यात गुंडाळून अर्धा तास आडवं पडायचं, पाणी प्यायचं. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैल होतात आणि प्रेशर उतरतं, त्यामुळे झटकन उठून पायऱ्या चढलं की गरगरतं, कठड्याला धरून सावकाश चढायचं. भरपेट जेवून लगेच उतरायचं नाही.

आणि दागिने! गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते. आईची जोडवी वीस मिनिटांत काळीशार झाली, ती घाबरली, पायाला काही झालं की काय म्हणून बोट बघत बसली. पैंजण, जोडवी, चांदीच्या अंगठ्या खोलीतच काढून ठेवा. झालंच काळं तर घरी येऊन भांड्यात ॲल्युमिनियम फॉइल पसरा, त्यावर दागिना, वरून चमचाभर खायचा सोडा आणि कडकडीत पाणी, थोड्या वेळात बराचसा काळेपणा उतरतो. खड्यांच्या आणि मोत्यांच्या दागिन्यांना हे करू नका.

बॅगेत प्रत्येकी दोन स्विमसूट (एक वाळेपर्यंत दुसरा, गार ओला कपडा परत चढवायला नको वाटतं), रबरी सपाता, आडवं पडायला मोठा टॉवेल, कान झाकणारी टोपी, अंगाला लावायला तेल. झगा हॉटेल देतं का, की भाड्याने, ते मेलमध्येच विचारा, आणि साइझही सांगा, माझ्या आईला तो झगा पायात अडकेल इतका लांब आला होता.

जुना, फिक्या रंगाचा स्विमसूट नेलेला बरा आणि परत आल्यावर तो नि टॉवेल बाकीच्या कपड्यांत टाकू नका, वेगळे धुवा, गंधकाचा वास दोन धुण्यांपर्यंत जात नाही. आईने तिचा टॉवेल तसाच बॅगेत भरून घरी नेला, म्हणाली धुवू नकोस, तुरळला मामीला वास दाखवायचाय.